हशा उतरला की टाच

गेल्या चैत्रात कोल्हापुरातल्या एका स्टुडिओतून मला बोलावणं आलं. मोबाइलवर बघायचे विनोदी कार्यक्रम करणारी चार-पाच पोरं होती. वागायला चांगली, बसायला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडं वळवला. म्हणाली, "काका, ढोलकीच्या पन्नास थापा रेकॉर्ड करून पायजेत. विनोद झाला की मागं वाजवायला."

मी विचारलं, "कुठल्या विनोदाला?"

"कुटल्याबी. विनोद अजून लिवायचं हाईत. आमी नंतर बसवतो की."

मी पन्नास थापा दिल्या. पंचविसाव्या थापेपासून माझी मलाच कीव यायला लागली, पण दिल्या. निघताना चपला घालता घालता सहज विचारलं, "आणि लोक हसलेच नाहीत तर?"

"हसनंबी हाय की आमच्याकडं, काका. कंप्युटरमधी. बारकं, मोठं, बायकांचं, सगळं."

घरी आल्यावर मी ही गोष्ट चिरंजीवांना सांगितली. त्यांना वाटलं, म्हातारा आता नव्या जमान्याला नावं ठेवणार. पण मी ठेवली नाहीत. खोटं हसू विकणाऱ्याला नावं ठेवायला मला तोंड नाही. ते का नाही, हे आजवर घरातही बोललो नव्हतो. आता माझी सत्तरी उलटली आहे, बोटं आखडली आहेत, आणि ज्यांच्याबद्दल हे आहे ते नाना जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा लिहून टाकतो.

मी तेहतीस हंगाम एकाच फडात ढोलकी वाजवली. फड म्हणजे तमाशाचं बिऱ्हाड. दसऱ्याला उभं राहायचं आणि वैशाखात, गगनबावड्याकडं ढग दिसायला लागले की मोडायचं. आमच्या फडाच्या मालकीण आक्का. त्यांचं खरं नाव फडात कुणी घेत नसे, आणि बाहेर घ्यायची कुणाची छाती नव्हती. नाना आमचे सोंगाड्या.

ज्यांनी तमाशा फक्त सिनेमात बघितला त्यांना वाटतं, तमाशा म्हणजे लावणी. लावणीला शिट्ट्या पडतात हे खरं. पण गण-गवळण झाल्यावर आणि वग सुरू व्हायच्या आधी जी बतावणी असते, तिच्यावर फडाचं नाव चालतं. बतावणी म्हणजे दोन माणसांचं हजरजबाबी बोलणं. एक सरदार, सरळ बोलणारा, शहाणा. दुसरा सोंगाड्या, वाकड्यात शिरणारा. कागदावर एक ओळ नसते. नानांना सही करताना घाम फुटायचा, पण सव्वा तासाची बतावणी त्यांच्या डोक्यात उभी असायची, आणि गाव बदललं की तीही बदलायची.

आता यात ढोलकीवाल्याचं काम काय? मी सांगतो. हशा हा तापत ठेवलेल्या दुधासारखा असतो. चढतो, वर येतो, मग उतरतो. पुढचं वाक्य तो अर्धा उतरला की टाकायचं. आधी टाकलं तर हशात बुडतं, उशीर झाला तर सगळं थंड होतं. विनोदावर माझी थाप पडायची ती त्या दुधाखालच्या जाळावर फुंकर घालायला. चुकीच्या वेळी थाप दिली की चांगला विनोदही मरतो. पहिल्या हंगामात मी असे बरेच मारले. नाना रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हादू, तू माझ्या बोलन्यावर वाजवतोस. पब्लिकच्या पोटावर वाजीव."

पोटावर म्हणजे कसं, ते मला गडहिंग्लजच्या अण्णांनी शिकवलं. अण्णा तिथले जुने जैन व्यापारी. दरवर्षी पहिल्या रांगेत, पांढरी टोपी, हात मांडीवर. सगळा तंबू लोळत असायचा आणि हा गृहस्थ देवळात बसल्यासारखा. चौथ्या वर्षी माझा तोल गेला. खेळ संपल्यावर म्हणालो, "नाना, ह्या माणसाला पुढं का बसवतात? बघून माझा हात जड होतो." नाना म्हणाले, "तू त्येंचं तोंड बगतोस. पोट बगितलंस का? सदऱ्याचं बटन बग उद्या." दुसऱ्या दिवशी बघितलं. अण्णांचा चेहरा दगडी, पण सदऱ्याचं मधलं बटण नुसतं थरथरत होतं. खेळानंतर अण्णा स्वतः मागं आले, डोळे पुसत म्हणाले, "यंदा लई हसलो बगा, नाना. मागल्या सालापरीस जास्त." बटण बघून नाना माणसाचं हसू ओळखायचे. असला कलावंत मी दुसरा बघितला नाही.

त्यांची येण्याची तऱ्हा तर काय सांगू. त्यांनी कापशी घाटाची कोल्हापुरी चप्पल खास करवून घेतली होती, करकर वाजणारी. रंगमंच रिकामा. आतून फक्त करकर, करकर यायची. मग थांबायची. मग एकच कर्र. माणूस दिसायच्या आधीच लोक हसायला लागायचे. नुसत्या चपलेवर हशा घेणं म्हणजे काय, ते त्या धंद्यातल्यालाच कळेल.

आणि त्यांचा लाडू. पोस्टातून ट्रंक कॉल लावायच्या काळातली ही बतावणी. नाना झालेले म्हातारा बाप, मुलगा लांब पलटणीत. फोन म्हणून हातात तांब्या. आधी पटका काढून ठेवायचे, कारण साहेबलोकांच्या यंत्रासमोर मान राखायला हवा. मग ओरडून बोलायचे, कारण पोरगा लांब. तीन मिनिटं म्हशीची, शेजाऱ्याची, गावच्या कुत्र्याची खुशाली सांगण्यात जायची, आणि शेवटी पंच्यातून बेसनाचा लाडू काढून तांब्याच्या तोंडाला लावायचे. सगळा तंबू श्वास धरून. मग हळूच विचारायचे, "पोचला का?"

मी सांगतो, बायका हसता हसता रडायच्या. नाना लाडू तसाच धरून उभे. ते उभं राहणं हाच त्यांचा कळस.

मग एका हंगामात नाना हशा कापायला लागले. लोक हसत असतानाच पुढचं वाक्य टाकायचे. एका खेळात तीनदा. नवशिक्यानं करावी अशी चूक, आणि ती नानांनी? खेळ संपल्यावर मी तावातावानं बोलायला गेलो. ते माझ्या तोंडाकडं बघत होते, डोळ्यांकडं नाही.

"मोठ्यानं बोल की."

"मोठ्यानंच बोलतोय, नाना."

ते थांबले. मला कळलं आहे हे त्यांना कळलं. माझं मनगट धरून म्हणाले, "आक्काला सांगू नगो. भैऱ्या सोंगाड्याला खेळाची सुपारी कोन देतंय? मला दुसरं काय येतंय, म्हादू? नांगर धरायचा म्हटलं तर बैल हसतील."

अशा वेळीही विनोद करणारा माणूस होता तो. मी मात्र हसू शकलो नाही.

मिरजेहून कानाचं यंत्र आणून झालं. पहिल्याच दिवशी माझी थाप आणि शेजारच्या हलगीची काडी एकदम पडली, आणि नानांनी ते यंत्र कानातून उपटून खिशात घातलं ते पुन्हा काढलं नाही. सरदाराचं बोलणं ते ओठांवरून घ्यायचे. सरदाराला आम्ही काही सांगितलं नव्हतं, त्यानंही विचारलं नाही. फडात न विचारण्याचीही एक रीत असते. पण अंधारात बसलेल्या हजार माणसांचे ओठ कसे वाचणार? समोर दिवे, पलीकडं काळोख. हशा कधी उतरला ते कळणार कसं?

उपाय मला सुचला, याचा मला अजून अभिमान आहे. आमचा रंगमंच फळ्यांचा, खाली पोकळ. मी नानांच्या मागं दोन हातांवर उभा. हशा अर्धा उतरला की मी उजवी टाच फळीवर मारायची. ठोका त्यांच्या तळव्याला लागेल. फक्त त्यासाठी पाय अनवाणी हवेत.

म्हणजे चप्पल गेली. नानांनी एक दिवस विचार केला आणि चप्पल ट्रंकेत ठेवली. आक्का कडाडल्या, "नाना, येन्याचा हशा घालीवलासा! डोस्कं फिरलंय व्हय?" नाना गंभीरपणे म्हणाले, "फळीवर रंगदेवता असती, आक्का. पायतान घालून कसं चढू?" वीस वर्षं हाच माणूस त्याच फळीवर चपला करकरवत होता. पण गावोगावी बोलबाला झाला. काही मंडळी तर खेळाआधी त्यांच्या पाया पडायला यायला लागली. नाना आशीर्वाद द्यायचे आणि माझ्याकडं बघून एक डोळा बारीक करायचे.

दुपारी मोकळ्या रंगमंचावर आमची तालीम चाले. नाना पाठमोरे, मी टाच मारायची, त्यांनी बोट वर करायचं. आठवड्यात असं जमलं की पूर्वीपेक्षा बतावणी चोख व्हायला लागली. पब्लिक हसायचं, मी ऐकायचो, नाना बोलायचे. एका विनोदाला दोन माणसं लागत होती, पण विनोद उभा राहत होता.

तीन हंगाम असे गेले. मग मोबाइल आले.

पहिल्यांदा झालं ते एका लहानशा गावात. नानांनी लाडू तांब्याला लावला. "पोचला का?" मागच्या बाजूला चार-दोन म्हातारी माणसं हसली आणि हशा संपला. पुढं बसलेल्या तरण्या पोरांना ट्रंक कॉल म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. माझी टाच उचललेली. ती लगेच पडायला हवी होती. पण नाना लाडू धरून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर तो हशा ऐकू येत असल्यासारखं समाधान होतं, जुना हशा, भरगच्च. माझी टाच खाली जाईना. मी मनात चार मोजले. मधली पोकळी बुजवायला ढोलकीचा एक तुकडा वाजवला, लोकांना वाटलं ही वाजवण्याचीच जागा आहे. मग टाच मारली.

त्या दिवशी नाना दोन भाकऱ्या जास्त जेवले. मला चांगलं काम केल्यासारखं वाटलं.

एकदा केलं की पुढं सोपं जातं. पुढच्या गावी पुन्हा चार मोजले, मग सहा. नुसत्या लाडवावर नाही, जिथं हशा कमी पडेल तिथं मी तो भरून देऊ लागलो. याचा परिणाम काय होईल हे माझ्या ध्यानात आलं नाही. लाडू एवढा रंगतोय म्हटल्यावर नानांनी तो वाढवला. आधी एक लाडू होता, मग तीन झाले, मग चिवडा आला. लाडू निघाला की माणसं चहा प्यायला उठायला लागली. काळोखात उठून जाणारं माणूस नानांना दिसत नव्हतं. मला ऐकू येत होतं. आक्का एकदा म्हणाल्या, "म्हादू, तुजी ढोलकी अलीकडं लई बोलाया लागलीया. आनि सुपाऱ्या तर कमी व्हायला लागल्यात. काय कळंना बग." नानांचं नाव टिकवायला जे करत होतो, त्यानंच त्यांचं नाव बुडत चाललं होतं. आणि आता थांबायचं म्हटलं तर तीन वर्षांचा हशा एका रात्रीत कसा काढून घ्यायचा?

हे असंच चाललं असतं. पण नेसरीच्या पलीकडं एका गावच्या जत्रेत ऐन बतावणीत वारं सुटलं, कनात फाटली, खेळ मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी होती. हजेरी म्हणजे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी उन्हात, देवळासमोर, देवाला दाखवायचा खेळ. दोन-चार गाणी, एखादी गवळण, झालं. बतावणी नसते, म्हणून नाना हजेरीला कधी उभे राहत नसत. पण गावचे कारभारी सकाळीच आले.

"पावणं, काल सोंगाड्याचं काम ऱ्हायलं. आज झालं पायजे. नाना न्हाय तर हजेरी न्हाय."

आक्का म्हणाल्या, "व्हय, व्हय. करतील की."

मी देवळापुढं जाऊन बघितलं. रंगमंच नव्हता. सारवलेली जमीन होती. पाय आपटून आपटून मोडला असता तरी ठोका नानांपर्यंत पोचला नसता. मी नानांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "उजेड हाय की. बगीन तोंडाकडं." मला त्याचीच भीती होती.

सुरुवात बरी झाली. उन्हात माणसं दिसत होती, नाना त्यांची पोटं बघत होते आणि नेमके थांबत होते. मग पटका काढला, तांब्या घेतला. म्हैस झाली, शेजारी झाला. नाना बघत होते. पुढच्या रांगेतला एक जवान मोबाइलवर बोलत होता. दोघं उठून चालले होते. नानांनी लाडू लावला.

"पोचला का?"

एक म्हातारी किंचित हसली. बाकी शांत. आणि मी, सवयीचा गुलाम, ढोलकीचा तुकडा वाजवला.

नाना वळले. माझ्या हाताकडं बघितलं, मग लोकांकडं, मग पुन्हा माझ्याकडं. मी त्या नजरेपुढून जमिनीत शिरायला तयार होतो. काय चाललं होतं ते त्या एका नजरेत त्यांनी ओळखलं.

आणि मग त्यांनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तांब्या खाली ठेवला. लाडू घेऊन चालत त्या मोबाइलवाल्या जवानापुढं गेले, हात जोडले आणि त्याच्या हातातून फोन अलगद काढून घेतला. लाडू फोनला लावला. "पोचला का?" फोन कानाला लावून ऐकलं. तोंड कोरं. पब्लिककडं बघून म्हणाले, "काय म्हनतंय?" फोनमधलं ऐकू आलेली पुढची रांग ओरडली, "इचारतंय कोन बोलतंय!" नानांनी हात कानामागं नेला. "आं?" सगळं गाव ओरडलं, "कोन बोलतंय!" नानांनी फोन दुसऱ्या कानाला लावला, हलवून बघितला, फुंकर मारली. मग स्वतःचाच कान पिळला आणि हताश होऊन म्हणाले, "फोन चांगला हाय वो. ह्या कानाला रेंज न्हाय."

देवळाचं पटांगण हाललं. उठलेली माणसं परत बसली. जे गुपित सांभाळायला त्यांनी चप्पल ट्रंकेत घातली होती, ते त्यांनी भर उन्हात गावासमोर मांडलं, आणि गावाला वाटलं, काय सोंग घेतलंय! पाव तास ते बहिऱ्याचं सोंग चाललं. मी एकही थाप दिली नाही. गरजच नव्हती. पोटं हलत होती आणि ते बघून नाना बोलत होते.

खेळ संपला. ट्रकच्या सावलीत नाना तोंड धूत बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो, ओठ दिसतील असा.

"किती साल?" त्यांनी विचारलं.

"काय, नाना?"

"लाडवाला हसत न्हाईत. किती साल झालं?"

"तीन."

"आनि टाच कवा मारत हुतास?"

"चार मोजून. कधी सहा."

त्यांनी तोंडावरचं पाणी निपटलं. मग म्हणाले, "दुधात पानी घालनारा गवळी बरा, म्हादू. घेनाऱ्याला चव तरी कळती. मला कसं कळावं?" मी म्हणालो, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "वाईट वाटू द्यायचं हुतं. वाईट वाटलं असतं तर नवं केलं असतं. आज केलं का न्हाय?"

मला रडू आलं. मी त्यांचा कान झालो होतो आणि कानानंच खोटं बोलावं? माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात वाईट काम मायेनं केलेलं आहे, आणि म्हणून त्याची लाज अजून जात नाही.

नाना उठले. माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला. "उद्या फळी हाय. टाच तूच मारायचीस. पन हाय तेवडंच. एक न्हाय, अर्दाबी न्हाय. न्हाय हसलं तर लगीच."

दुसऱ्या दिवशी खेळ गडहिंग्लजला होता. लाडू गेला होता. त्याच्या जागी नानांनी नवीन बांधलं होतं, कर्जासाठी बँक म्हशीबरोबर फोटो काढून आणायला सांगते त्यावर. फोटोवाला म्हणतो, जरा हसा. नाना विचारतात, "कोन? मी का म्हस?" मला ते फार आवडलं होतं. तालमीत मी स्वतः हसलो होतो.

नानांनी वाक्य टाकलं आणि थांबले. तंबू गप्प. कुणीतरी खोकलं. नाना दिव्यांकडं तोंड करून उभे, तळवे फळीवर, वाट बघत. माझी टाच हवेत होती. ढोलकीवर माझे हात तयार होते, एक तुकडा, फक्त चार मोजायचे होते.

मी टाच मारली. लगेच.

नानांचे खांदे एकदा हलले. पटका बांधायच्या निमित्तानं ते पब्लिककडं पाठ करून वळले, आणि माझ्यासमोर दोन्ही हात जोडून कमरेत वाकून नमस्कार केला. लोकांना वाटलं, हा म्हशीलाच नमस्कार घालतोय. तंबू असा हसला की वरची दोरी हलली. नाना वाकलेलेच. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. मी ऐकत होतो. हशा चढला, वर टेकला, उतरायला लागला. अर्धा उतरला तेव्हा मी टाच मारली, आणि नाना बोलायला लागले.